पहिल्या बढतीनंतरचे वर्ष

चाकणच्या कारखान्यातला कसबी टर्नर सुपरवायझर होतो, हिंजवडीतली हुशार प्रोग्रॅमर टीम लीड होते, बँकेच्या कर्ज विभागातला जाणकार अधिकारी शाखा व्यवस्थापक होतो. बढतीच्या पत्रात पद आणि पगार लिहिलेला असतो, पण कामाची जातच बदलली आहे हे त्यात कुठेच नसते. कालपर्यंत या माणसाचे मोल त्याने स्वतः केलेल्या कामावर ठरत होते, आजपासून ते इतरांच्या हातून होणाऱ्या कामावर ठरणार असते. कसब शिकण्यासाठी आयटीआय आहे, पदविका आहे, पदवी आहे. माणसांकडून काम करवून घेण्याची विद्या मात्र बहुतेकांना पदावर बसल्यानंतरच शिकावी लागते आणि त्या शिक्षणाची किंमत हाताखालची माणसे मोजत असतात.

कॅनडात जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ लॉरेन्स पीटर यांनी रेमंड हल यांच्यासह १९६९ मध्ये एक पुस्तक लिहिले आणि ‘पीटर प्रिन्सिपल’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. माणूस हातातले काम चांगले करतो म्हणून वर चढवला जातो आणि जे काम त्याला जमत नाही त्या पायरीवर येऊन थांबतो, असे त्यांचे म्हणणे. पुस्तकाचा सूर विनोदी असला तरी निरीक्षण खरे ठरले. अमेरिकी कंपन्यांतील विक्री कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासून अर्थशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हेच आढळले. बढती देताना कंपन्या विक्रीच्या आकड्याला सर्वांत जास्त वजन देत होत्या, पण सर्वाधिक विक्री करणारे चांगले व्यवस्थापक ठरतील असे दिसत नव्हते. इतरांबरोबर मिळून काम करण्याचा अनुभव ही खूण अधिक विश्वसनीय होती आणि नेमके तिच्याकडेच दुर्लक्ष होत होते.

गूगलनेही हा प्रश्न स्वतःच्या आकडेवारीवर तपासला. २००८ च्या सुमारास ‘प्रोजेक्ट ऑक्सिजन’ या नावाने सुरू झालेल्या या कामाचा मूळ प्रश्न होता की, व्यवस्थापकांची गरज असते का? उत्तर होकारार्थी आले. चांगल्या व्यवस्थापकांची म्हणून जी आठ वैशिष्ट्ये निघाली, त्यांत हाताखालच्यांना नीट शिकवणे आणि घडवणे पहिले होते, तर तांत्रिक कौशल्य आठवे. अभियंत्यांनी चालवलेल्या कंपनीत हा निष्कर्ष निघावा, याला महत्त्व आहे. अर्थात आठवे म्हणजे अनावश्यक नव्हे; ज्याला कामच कळत नाही तो शिकवणार काय? पण एवढ्या एका गुणावर माणसाला खुर्चीवर बसवू नये, हे त्यातून स्पष्ट होते.

नव्या व्यवस्थापकाला पहिल्या वर्षी सर्वांत अवघड जाते ते स्वतःचे आवडते काम सोडणे. इंटेल ही कंपनी घडवणाऱ्या अँडी ग्रोव्ह यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात व्यवस्थापकाच्या कामाचे मोजमाप सांगितले आहे. त्याच्या विभागाचे उत्पादन, अधिक ज्या शेजारच्या विभागांवर त्याचा प्रभाव पडतो त्यांचे उत्पादन, ही त्याची कामगिरी. त्याने स्वतः मशीनवर उभे राहून काढलेल्या नगांचा हिशेब त्यात वेगळा धरलेला नाही. हे पटले तरी अंगवळणी पडायला वेळ लागतो. ‘याला समजावून सांगण्यापेक्षा मीच करून टाकतो’ हे वाक्य कार्यालयात रोज ऐकू येते आणि त्या दिवसापुरते ते खरेही असते. मात्र तेच काम वर्षभर दर आठवड्याला करायचे असेल, तर शिकवण्यात गेलेले चार तास पहिल्या दोन महिन्यांतच वसूल होतात.

काम सोपवणे म्हणजे ते समोरच्याच्या टेबलावर ठेवून मोकळे होणे नाही. ग्रोव्ह यांच्या मते, समोरच्याची त्या विशिष्ट कामातली तयारी पाहून पद्धत ठरवावी. काम नवीन असेल तर काय, कधी आणि कसे करायचे हे स्पष्ट सांगावे. थोडा हात बसला की चर्चा करावी, अडचणी विचाराव्यात, धीर द्यावा. पूर्ण तयारी असेल तर उद्दिष्ट ठरवून द्यावे आणि अधूनमधून नजर टाकावी. यातला महत्त्वाचा शब्द ‘त्या कामातली’ हा आहे. वीस वर्षे उत्पादनात मुरलेला माणूस खरेदी विभागात आला की तिथे तो नवशिकाच असतो. त्याच्या ज्येष्ठतेचा मान राखून त्याला वाऱ्यावर सोडणे, ही त्याची अडवणूकच होय. तपासणीही लवकर करावी. चूक आराखड्यात सापडली तर कागद बदलतो; ग्राहकाकडे माल गेल्यावर सापडली तर अख्खी खेप परत येते.

सोपवलेले काम परत येण्याचीही एक वाट असते. विल्यम ऑन्केन आणि डोनाल्ड वॉस यांनी १९७४ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त लिहिलेल्या लेखात तिचे वर्णन माकडाच्या रूपकाने केले आहे. हाताखालचा माणूस जिन्यात गाठतो, ‘साहेब, एक अडचण आहे’ म्हणतो, साहेब घाईत ‘बघतो’ म्हणतात आणि त्याच्या खांद्यावरचे माकड साहेबांच्या खांद्यावर येऊन बसते. संध्याकाळपर्यंत अशी आठ-दहा माकडे जमतात. मग साहेब रात्री नऊपर्यंत बसतात आणि विभाग त्यांच्या उत्तराची वाट पाहत थांबतो. यावरचा साधा उपाय म्हणजे ‘बघतो’ न म्हणता ‘तुम्हाला काय करावेसे वाटते?’ असे विचारणे आणि संभाषण संपण्यापूर्वी पुढचे पाऊल कोण, कधी टाकणार हे ठरवणे.

कोणते काम कोणाला द्यायचे याचे महाराष्ट्रातले मोठे उदाहरण उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांचे आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असताना बढतीत डावलले गेल्यामुळे त्यांनी नोकरी सोडली. १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली, तेव्हा त्यांच्याभोवती जमलेली माणसे कागदोपत्री पात्र अशी नव्हती. शाळा अर्धवट सुटलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक अभियंते झाले, कारकुनीपासून सुरुवात केलेले मंगेशराव रेगे हिशेबाचे प्रमुख झाले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर वसाहतीच्या पहाऱ्याची जबाबदारी टाकण्यात आली आणि ती त्यांनी निभावली. माणसाला पारखून त्याच्यावर विश्वास टाकण्याची ही रीत भारतातल्या कोणत्याही व्यवस्थापनशाळेच्या आधीची आहे. आजच्या मनुष्यबळ विभागांनी ती बारकाईने अभ्यासावी.

माणूस पारखायचा तर त्याच्याशी बोलायला हवे आणि बैठकीत ते होत नाही. प्रत्येकाशी ठरावीक दिवशी एकट्याने बोलणे हे व्यवस्थापकाच्या हातातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित साधन आहे. या भेटीचे विषय हाताखालच्या माणसाने ठरवावेत, हा ग्रोव्ह यांचा आग्रह. तसे झाले नाही तर ती कामाचा आढावा घेणारी आणखी एक बैठक होऊन बसते. नवीन माणसासाठी दर आठवड्याला, जुन्यासाठी दोन-तीन आठवड्यांनी एकदा भेटले तरी चालते, पण पुढे ढकलत राहू नये. राजीनाम्याचे पत्र हातात पडल्यावर ‘आधी का नाही बोललात?’ असे विचारणाऱ्या व्यवस्थापकाने बोलण्यासाठी वेळ ठेवला होता का, हे आधी पाहावे.

चुका दाखवण्याबाबत समजुती बऱ्याच आहेत आणि पुरावा थोडा वेगळा आहे. अब्राहम क्लूगर आणि अँजेलो डीनिसी यांनी १९९६ मध्ये आधीच्या अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले. अभिप्रायाने सरासरी कामगिरी सुधारते, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा ती घसरते, असे त्यातून निघाले. अभिप्रायाचा रोख कामावरून सरकून माणसावर गेला की उपयोग कमी होतो. ‘तुम्ही निष्काळजी आहात’ या वाक्यानंतर माणूस बचावाला लागतो. ‘मंगळवारच्या अहवालात दोन तक्त्यांतले आकडे जुळत नाहीत’ म्हटले की तो तक्ते उघडतो. अशी गोष्ट त्याच आठवड्यात, खासगीत सांगावी. वार्षिक अप्रायझलच्या खोलीत दहा महिन्यांपूर्वीची चूक प्रथमच ऐकावी लागणे हा कर्मचाऱ्यावर अन्याय आहे. कौतुकालाही हाच नियम लागू आहे. कोणती गोष्ट चांगली झाली ते नाव घेऊन सांगावे.

कालपर्यंत एकाच डब्यात जेवणाऱ्या सहकाऱ्यांचा साहेब होणे ही वेगळी कसोटी. मैत्री तोडायची गरज नसते, पण रजा, शिफ्ट आणि वेतनवाढ यांचे निकष सर्वांसमोर उघड ठेवावे लागतात. ज्याला बढतीची आशा होती त्याच्याशी पहिल्याच आठवड्यात स्पष्ट बोलावे. वरिष्ठांशीही असेच मोकळे असावे. त्यांना वाईट बातमी आधी कळावी, ती व्यवस्थापकाकडूनच कळावी आणि शक्य असल्यास उपायासह कळावी.

या सगळ्यानंतरही काहींना वर्षअखेरीस जाणवते की आपले मन माणसांत रमत नाही, कामातच रमते. यात कमीपणा काही नाही. अनेक तंत्रज्ञान कंपन्यांत आता दोन शिड्या असतात, एक व्यवस्थापनाची आणि दुसरी तज्ज्ञांची. दुसऱ्या शिडीवर पद आणि पगार वाढत जातो, माणसे सांभाळावी लागत नाहीत. आपल्याकडच्या बहुतेक मध्यम उद्योगांत आणि सहकारी संस्थांत मात्र वर जायला एकच जिना आहे. त्यामुळे उत्तम कारागीर गमावून नाखूश साहेब पदरात पडतो. या संस्थांनी तज्ज्ञांसाठी स्वतंत्र पदे निर्माण करावीत आणि पहिल्या बढतीला सहा महिन्यांची, मानाने मूळ कामावर परतता येईल अशी मुदत ठेवावी.