श्वानांतील थायरॉइडचा विकार

‘आता वय झाले, म्हणून झोपून असतो,’ असे सांगत अनेक पालक आपला सहा-सात वर्षांचा कुत्रा बाह्यरुग्ण विभागात आणतात. भूक पूर्वीइतकीच, तरी वजन वाढलेले; दोन्ही कुशींवरचे केस विरळ, शेपटी उघडी पडलेली, खाज मात्र नाही. अशा वेळी श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंस असलेल्या थायरॉइड ग्रंथींचा विचार करावा लागतो. पुष्कळदा शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच या ग्रंथी हळूहळू नष्ट करीत असते. गोल्डन रिट्रीव्हर व डॉबरमन या जातींत हा विकार अधिक आढळतो.

रक्तातील टी-४ कमी आले एवढ्यावरून निदान करणे मात्र घाईचे ठरते. अन्य आजारात, किंवा स्टेरॉइड अथवा फिट्सवरील फिनोबार्बिटोन चालू असता, ग्रंथी निरोगी असूनही हा आकडा खाली येतो. म्हणून सोबत टीएसएचही तपासावे लागते. हा खर्च जादा वाटतो खरा. परंतु पुढील औषध जन्मभराचे आहे.

निदान पक्के झाल्यावर लेव्होथायरॉक्सिनची गोळी सुरू होते. माणसांसाठीची हीच गोळी पुष्कळ घरांत असते, पण श्वानास वजनाच्या मानाने कितीतरी अधिक मात्रा लागते. ती अंदाजाने देऊ नये. तरतरी एक-दोन आठवड्यांत परतू लागते. केस येण्यास काही महिने लागतात, आणि नेमक्या याच काळात धीर सुटून औषध थांबवले जाते.