म्युनिकच्या दारात कडुनिंब

कडुनिंबाला चैत्रात बारीक पांढऱ्या फुलांचे तुरे येतात. त्यांना मधासारखा वास असतो. पाऊस तोंडावर आला की झाडाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतो. जर्मनीच्या थंडीत हे झाड उघड्यावर तग धरत नाही. पण त्याच्या आधुनिक अभ्यासातला एक मोठा टप्पा आणि त्यावरचा सर्वात गाजलेला वाद, दोन्ही तिथलेच.

मराठी घरांत कडुनिंब औषध म्हणून मुरलेला आहे. पाडव्याला त्याचा कोवळा पाला आणि फुले गूळ, ओवा, हिंग, मीठ घालून वाटतात. कांजिण्या आलेल्या मुलाच्या अंथरुणावर पाला पसरतात, उतार पडला की पाल्याच्या उकळलेल्या पाण्याने न्हाऊ घालतात. काडीचे दातवण होते, खरजेवर निंबोळीचे तेल लागते आणि वाळलेला पाला धान्याच्या कणगीत जातो. मात्र ‘झाडपाला आहे, अपाय कसला’ हे खरे नव्हे: हे तेल पोटात गेल्याने लहान मुलांना गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत.

कणगीतल्या पाल्याचे शास्त्र पुढे एका जर्मन कीटकशास्त्रज्ञाने धुंडाळले. हाइन्रिख श्मुट्टेरर १९५९ मध्ये सुदानमध्ये असताना टोळधाड आली. टोळांनी आसपासचे सारे हिरवे फस्त केले, कडुनिंब तेवढे सोडले. पुढे गीसेन विद्यापीठात त्यांनी याच झाडाचा ध्यास घेतला. कडुनिंबावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९८० मध्ये बव्हेरियातल्या रोटाख-एगर्न गावी भरली. बियांतले ॲझाडिरॅक्टिन हे द्रव्य अळीला लगेच मारत नाही. तिची भूक मोडते आणि कात टाकण्याची क्रिया बिघडवते, त्यामुळे अळीची पुढची वाढ खुंटते. शेतकरी निंबोळी अर्क फवारतो तो याच गुणासाठी.

वाद पेटला तो म्युनिकमध्ये. तिथल्या युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ मध्ये अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीला पेटंट दिले. ‘अमेरिकेने कडुनिंबच पळवला’ असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते, पण पेटंट झाडाचे नव्हते. निंबोळीच्या तेलाने पिकांवरची बुरशी आवरण्याच्या पद्धतीचे होते. वंदना शिवा, युरोपीय संसदेतील हरित गटाच्या माग्दा आल्व्हुट आणि सेंद्रिय शेतीची जागतिक संघटना यांनी त्याला हरकत घेतली. अडचण अशी, की आजीचा बटवा पेटंट कार्यालयात पुरावा म्हणून सहजी चालत नाही. तिथे तारीख, जागा आणि साक्षीदार लागतो. तो पुण्याहून गेला. अशाच अर्काच्या चाचण्या पुणे आणि सांगली जिल्ह्यांत १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात, म्हणजे पेटंटच्या अर्जाआधीच, शेतांवर झाल्या होत्या, अशी साक्ष एका पुणेकर उद्योजकाने दिली. १० मे २००० रोजी पेटंट रद्द झाले. त्यावरचे अपीलही मार्च २००५ मध्ये फेटाळले गेले.