बॅटरीतील दुबळा घट

कोलकात्याच्या उपनगरांत आणि हुगळीपलीकडील हावड्यात विजेवर चालणारी तीनचाकी रिक्षा ‘टोटो’ या नावाने ओळखली जाते. तिच्या आसनाखाली बहुधा शिसे-आम्ल जातीच्या १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या असतात. रात्री त्या चार्ज कराव्यात व दिवसा रिक्षा चालवावी, असा चालकाचा नित्यक्रम असतो. पुढे एक काळ असा येतो की, रात्रभर चार्ज करूनही रिक्षा निम्म्या दिवसातच मंदावते. चारही बॅटऱ्या नव्या घेणे अल्प उत्पन्नाच्या माणसास जड जाते. म्हणून दोष नेमका कोठे आहे, हे आधी शोधणे अगत्याचे ठरते.

शिसे-आम्ल बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लान्ते याने १८५९ साली तयार केली. १२ व्होल्टच्या बॅटरीत सुमारे दोन-दोन व्होल्टचे सहा घट असतात. प्रत्येक घटात शिसे व शिशाचे डायऑक्साइड यांच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडविलेल्या असतात. वीज खर्च होताना दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते व आम्ल पातळ होते. चार्ज करताना याच्या उलट क्रिया घडते. बॅटरी दीर्घकाळ रिकामी राहिल्यास सल्फेटचे स्फटिक मोठे व कठीण होतात आणि मग ते सहजासहजी विरघळत नाहीत. तेवढा पट्टीचा भाग निकामी झाला असे समजावे. उष्णतेनेही बॅटरीचे आयुष्य घटते.

या चार बॅटऱ्या एकीपुढे एक अशा जोडलेल्या असल्याने सर्वांतून एकच प्रवाह वाहतो. त्यांपैकी एक दुबळी झाली की ती इतरांआधी रिकामी होते आणि गाडी अडते. चार्ज होताना तीच सर्वांआधी भरते. चार्जरला मात्र चौघींचा एकत्रित दाबच कळत असल्याने तो वीज देतच राहतो. परिणामी दुबळ्या बॅटरीतील पाणी वायुरूप होऊन उडून जाते व ती अधिकच खंगते.

तपासणीस आरंभ करावा तो सर्वांत स्वस्त उपायापासून. जोडाच्या टोकांवर पांढरा वा हिरवट थर साचला असल्यास मुख्य जोडणी सोडवून तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावा, टोके कोरडी करावीत आणि पेच घट्ट आवळावेत. नंतर बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून काही तास तशाच ठेवाव्यात व प्रत्येकीचा दाब स्वतंत्रपणे मोजावा. निरोगी बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. परंतु विश्रांतीच्या वेळी चांगला दिसणारा आकडा फसवा असू शकतो. म्हणून रिक्षा ओझ्यासह चालत असतानाही मोजणी करावी. इतर तिघी १२ व्होल्टच्या आसपास असता एखादी १० वर घसरली, तर दोष तिचाच. झाकणे उघडता येत असल्यास तरकाट्याने, अर्थात हायड्रोमीटरने, आम्लाचे विशिष्ट गुरुत्व पाहावे. भरलेल्या घटात ते सुमारे १.२६ ते १.२८ असते, एकाच घटात ते बरेच कमी भरल्यास तो घट बिघडला आहे. हे काम करताना चष्मा व हातमोजे वापरावेत आणि जवळ ज्योत आणू नये, कारण चार्ज होताना निघणारा हायड्रोजन स्फोटक असतो. पातळी उतरली असल्यास केवळ शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी घालावे, आम्ल नव्हे.

संच नवा असता एकच बॅटरी बिघडली, तर तेवढीच बदलावी. सर्वच जुन्या झाल्या असतील, तर त्यांत एक नवी मिसळणे हिताचे नाही. जुन्यांच्या संगतीत नवीही लवकर झिजते.

इंजिन व बाहेरून चार्ज होणारी बॅटरी या दोहोंवर चालणाऱ्या मोटारीलाही, म्हणजेच प्लग-इन हायब्रिडलाही, हाच नियम लागू पडतो. २०१० साली अमेरिकेत विक्रीस आलेल्या शेव्हरोले व्होल्ट मोटारीत २८८ लिथियम घट होते. तिघांचा एक गट, असे ९६ गट एकापुढे एक जोडलेले होते. तेथे संगणक गटागटाचा दाब पाहतो व सर्वांत दुबळ्या गटाची सीमा येताच विजेचा उपसा आवरतो. अशी जुनी मोटार सुरूच होत नसेल, तर प्रथम तिच्यातील १२ व्होल्टची लहान बॅटरी तपासावी. पुष्कळदा दोष तिच्यातच सापडतो. मोठ्या बॅटरीचा दाब ३०० व्होल्टहून अधिक असल्याने ती मात्र प्रशिक्षित कारागिरानेच उघडावी.

निकामी बॅटरीतील शिसे विषारी असते, विशेषतः बालकांना. ती घरी फोडू नये किंवा रस्त्यावर टाकू नये. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी विक्रेत्याकडे सोपवावी.