पीक बुडालं, मग भाव का वाढला नाही?

२०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा-भूम भागात नद्यांचं पाणी गावांत शिरलं. काही ठिकाणी माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं आणि शेंगेतच दाण्याला कोंब फुटले. त्यातून जे हाती लागलं ते वाळवून आडतीवर नेताना जो तो एकच हिशेब मांडत होता: मराठवाड्यात माल नाही, म्हणजे यंदा भाव कडाडणार. हमीभाव होता क्विंटलला ५३२८ रुपये. सौदे निघत होते चार हजारांच्या आगेमागे. आडत्या मूठभर दाणे यंत्रात टाकून ओलावा बघायचा आणि आकडा १२ च्या वर गेला की तिथूनही भाव खाली यायचा.

त्याच आडतीच्या ओट्यावर बसून आज धाराशिवचा तरुण मोबाईलवर शेअरही घेतो. मार्च २०२० मध्ये देशात डिमॅट खाती चार कोटींच्या आसपास होती, ऑगस्ट २०२५ पर्यंत ती २० कोटींवर गेली. ही वाढ फक्त मुंबई-पुण्याची नाही. पण सोयाबीनच्या भावाबद्दलचे जे आडाखे बांधून आपण फसतो, तेच आडाखे घेऊन आपण शेअर बाजारात उतरतो. म्हणून हे गैरसमज एकत्रच तपासलेले बरे.

"जगाच्या बाजाराशी आपला काय संबंध?"

हा सर्वात जुना गैरसमज, आणि या जिल्ह्यात तर तो अजिबात शोभत नाही. धाराशिव शहराजवळचं तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचं नाव आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं नगर, तिथून सुती कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदरात जाते, असं त्यात नोंदवलंय. पुढे ते जहाजाने पश्चिमेला. भारत दरवर्षी आपली पाच कोटी सेस्टर्स नाणी ओढून नेतो, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीने त्याच शतकात केली होती. व्यापारी तूट हा शब्द तेव्हा नव्हता एवढंच.

"इथे पीक बुडालं की इथे भाव वाढतो"

हे कळायला सोयाबीनचा दाणा फोडून बघावा लागतो. एक क्विंटल सोयाबीन गाळलं की तेल निघतं साधारण १८ किलो. उरलेला जवळजवळ सगळा भाग म्हणजे पेंड. म्हणजे नावाला तेलबिया, पण वजनाने हे पेंडीचं पीक आहे. ती पेंड जाते कोंबड्यांच्या खाद्याला आणि निर्यातीला. पेंडीला उठाव नसेल तर तेल कितीही तापलं तरी कारखानदार दाण्याला भाव देऊ शकत नाही.

आणि पेंडीचं जग मोठं आहे. भारतात सोयाबीन पिकतं १२० लाख टनांच्या आसपास. ब्राझीलमध्ये २०२४-२५ च्या हंगामात पिकलं १७०० लाख टनांच्या घरात. आधीच्या वर्षापेक्षा ब्राझीलचं पीक जेवढं वाढलं, ती नुसती वाढच भारताच्या सगळ्या सोयाबीनपेक्षा मोठी होती. परंड्याचा पूर आपल्यासाठी आभाळ कोसळणं होतं, पण जगाच्या तराजूत तो चिमूटभर ठरला.

ऑगस्ट २०२४ मध्ये शिकागोच्या बाजारात सोयाबीन बुशेलला १० डॉलरच्या खाली घसरलं होतं. एक बुशेल म्हणजे सव्वासत्तावीस किलो. तेव्हाच्या ८४ रुपयांच्या डॉलरने हिशेब केला तर क्विंटलला जेमतेम ३१०० रुपये. आपल्याकडे तेव्हा भाव चार हजारांच्या वर होता आणि तरी तो परवडत नव्हता. आपण हेक्टरी टनभर काढतो, ब्राझीलवाला तीन टनांहून जास्त. आपलं सोयाबीन जनुकीय बदल न केलेलं म्हणून काही देश त्याला जास्त पैसे मोजतात हे खरं, पण ती गिऱ्हाइकी मर्यादित आहे.

त्यात घरातूनही एक स्पर्धक उभा राहिला. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं ठरलं आणि मका-तांदळापासून इथेनॉल काढणारे कारखाने वाढले. त्यातून उरणारा चोथा प्रथिनयुक्त असतो आणि सोयापेंडीपेक्षा स्वस्त पडतो. कोंबडीखाद्यवाल्यांनी तो घ्यायला सुरुवात केली. पर्यावरणाच्या नावाने घेतलेल्या एका निर्णयाची झळ आपल्या कट्ट्याला अशी लागली.

मग सरकारने तेलावरचं आयात शुल्क वाढवलं तेव्हा काय झालं? सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावर २० टक्के मूळ शुल्क लागलं, आधी ते शून्य होतं. गृहिणीच्या किराणा यादीत तेल लगेच महागलं. सोयाबीन मात्र त्या प्रमाणात उठलं नाही, कारण शुल्क लागलं १८ किलोच्या भागाला आणि मंदी होती ८० किलोच्या भागात. पुढे मे २०२५ अखेर ते शुल्क निम्म्यावर, १० टक्क्यांवर आणलं गेलं.

आता २०२१ आठवा. त्या ऑगस्टात सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं होतं. लगेच सरकारने १२ लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली आणि डिसेंबरात बाजार नियामक सेबीने सोयाबीनचे वायदे बंद केले. ती बंदी नंतर पुन्हा पुन्हा वाढत गेली. वायदेबाजारात सट्टा चालतो हे मान्य. पण पुढच्या महिन्यांचा भाव दाखवणारी एकमेव पाटीच पुसून टाकली, तर पेरणी करणारा अंधारातच राहतो. माझ्या मते ती बंदी चुकीचीच.

तो दहा हजारांचा आकडा मात्र लोकांच्या डोक्यातून गेला नाही. पुढची दोन-तीन वर्षं घराघरांत पोती थप्पीला लावून ठेवली गेली, 'पुन्हा दहा होईल' म्हणून. एकदा पाहिलेला भाव हाच खरा भाव, असं मन धरून बसतं. शेअरवाल्याचंही तसंच: 'नऊशेला होता, आता सहाशे आहे, म्हणजे स्वस्त आहे.' कालचा भाव हा आजच्या किमतीचा पुरावा नसतो, मग तो पोत्याचा असो की कागदाचा.

"देश अडचणीत असला की बाजार पडतो, बरा चालला की चढतो"

२३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के कोसळून २५,९८१ वर बंद झाला. पुढचे दोन महिने देश कुलूपबंद होता. एप्रिल ते जून २०२० मध्ये अर्थव्यवस्था सुमारे २४ टक्क्यांनी आकसली. पुण्या-मुंबईहून माणसं चालत गावी आली, ती आपण डोळ्यांनी पाहिली. आणि त्याच काळात बाजार चढत होता. जानेवारी २०२१ मध्ये सेन्सेक्सने ५० हजारांना हात लावला.

यात चमत्कार काही नाही. जगभरच्या मध्यवर्ती बँकांनी व्याजदर तळाला नेले आणि पैसा ओतला. शिवाय बाजार आजची भाकरी मोजत नाही, वर्षा-दोन वर्षांनंतरची मोजतो. सगळ्यांना ठाऊक झालेली वाईट बातमी भावात आधीच उतरलेली असते. आडतीवरही असंच नसतं का? पुराची बातमी टीव्हीवर येईपर्यंत व्यापाऱ्याने आपला अंदाज बांधलेला असतो.

"अमेरिकेने व्याज घटवलं की आपला बाजार वर, परकीयांनी विकलं की खाली"

अर्धं खरं. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडने, १८ सप्टेंबर २०२४ ला व्याजदर अर्ध्या टक्क्याने कमी केला. आठवडाभर आनंदीआनंद होता, २७ सप्टेंबरला सेन्सेक्स ८५,९७८ पर्यंत गेला. आणि मग ऑक्टोबरात परकीय गुंतवणूकदारांनी एका महिन्यात सुमारे ९४ हजार कोटींचे शेअर विकले. आपले शेअर महाग झाले होते, कंपन्यांच्या नफ्याचे आकडे ढिले आले, आणि चीनने सप्टेंबरअखेर मोठी आर्थिक मदत जाहीर केल्याने तिथले स्वस्त शेअर लोकांना खुणावू लागले. निफ्टी त्या महिन्यात सहा टक्क्यांहून जास्त घसरला. व्याज कमी झालं होतं, तरी.

उलट उदाहरण २०२२ चं. फेड त्या वर्षी व्याज वाढवत होती, युक्रेनचं युद्ध पेटलं होतं, आणि परकीयांनी वर्षभरात भारतीय बाजारातून सुमारे १.२ लाख कोटी रुपये काढून घेतले. निफ्टीने वर्ष संपवलं चार टक्के वर. माल घेणारे देशातच तयार झाले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये एकट्या एसआयपीतून महिन्याला २५ हजार कोटींवर रक्कम आली. मार्च २०२५ च्या तिमाहीत तर देशी संस्थांचा कंपन्यांतला वाटा परकीयांपेक्षा जास्त झाला. परकीय निघाले की हादरा बसतो, पण सगळी इमारत त्यांच्या एका खांबावर उभी होती, ते दिवस गेले.

रुपयाबद्दलही लोक घाईने बोलतात. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलर ९० रुपयांच्या पलीकडे गेला. रुपया पडला की आयात तेल महागतं, म्हणजे सोयाबीनला आधार मिळतो, हे बरोबर. पण डिझेलसाठीचं कच्चं तेल आणि पालाशही बाहेरूनच येतं, आणि डीएपीची गोणी १३५० रुपयांना मिळते ती सरकार अनुदान सोसतं म्हणून. उजव्या खिशात आलेलं डाव्यातून जातं.

"सोनं कधी पडत नाही"

पडतं. २०११ मध्ये औंसाला १९०० डॉलरपर्यंत गेलेलं सोनं २०१५ च्या डिसेंबरात १०५० च्या आसपास होतं. डॉलरमधला तो जुना उच्चांक ओलांडायला २०२० उजाडलं. नऊ वर्षं. आपल्याला ते तितकं जाणवलं नाही, कारण रुपया घसरत गेला आणि त्याने पडझड झाकली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोन्याने ४००० डॉलर ओलांडले तेव्हा सराफ्यात गर्दी झाली. २०१५ साली, स्वस्त असताना, ती नव्हती. लेकीच्या लग्नासाठी थोडं थोडं घेत राहणं वेगळं, आणि भाव बघून शेतमालाचा सगळा पैसा त्यात ओतणं वेगळं.

"जगाची बातमी आधी कळली तर वायद्यात कमाई पक्की"

या गैरसमजाने मात्र घरं बसली आहेत. सेबीनेच हिशेब काढला: २०२४-२५ मध्ये शेअरच्या वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या सामान्य माणसांपैकी ९१ टक्के तोट्यात गेले, आणि त्यांचा एकत्रित निव्वळ तोटा एक लाख कोटींच्या वर होता. त्याआधीच्या पाहणीत आणखी एक आकडा होता: हा व्यवहार करणाऱ्यांत ७२ टक्के लोक देशातल्या पहिल्या ३० शहरांच्या बाहेरचे. म्हणजे आपणच.

ट्रम्प यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या मालावर ५० टक्के आयात शुल्क लावलं ही बातमी तुमच्या मोबाईलवर आली, त्याच क्षणी ती जगभर पोचली होती. पलीकडे बसलेला यंत्राने सौदे करतो. मंगळवारच्या आत निफ्टी वर जाणार असं सांगणारा गल्लीतला जाणकार स्वतः शिकवणीच्या फीवर का जगतो, हे त्याला एकदा विचारून बघा.

मग करायचं काय? जगाचा अंदाज बांधणं सोडा, आपलं घर कोणत्या दोरीला बांधलंय ते बघा. धाराशिवच्या बहुतेक घरांत शेतीचं उत्पन्न पावसावर आणि सोयाबीनवर. दुकान असेल तर त्याचं गिऱ्हाईकही तेच शेतकरी. दुष्काळ पडला की शेत, दुकान आणि प्लॉटची किंमत एकदमच खाली येते. अशा माणसाने बचतीतूनही खत-बियाण्याच्या कंपन्यांचेच शेअर घेतले, तर एकाच दोरीला आणखी एक गाठ मारली. त्याच्यासाठी देशभर आणि परदेशात विकणाऱ्या अनेक कंपन्यांचा साधा इंडेक्स फंड जास्त कामाचा, कारण त्याचा पाऊस वेगळ्या आभाळातून पडतो. माल थांबवायचाच असेल तर घरात थप्पी लावण्यापेक्षा बाजार समितीची शेतमाल तारण योजना बघा: किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते आणि माल आपलाच राहतो.

पुढच्या मृगाला बियाण्या-खताला लागणारा पैसा शेअर बाजारात नेऊ नका. सात-आठ वर्षं हात लावायची गरज पडणार नाही तेवढाच न्या. आणि तुमच्याकडून शेअरसाठी पैसे घेणाऱ्याच्या यूपीआय आयडीत 'व्हॅलिड' हा शब्द आहे का ते पैसे पाठवायच्या आधी पाहा. १ ऑक्टोबर २०२५ पासून सेबीकडे नोंदलेल्या दलालांना आणि फंडांना तसा आयडी घेणं बंधनकारक आहे. पैसे भरताना हिरव्या त्रिकोणात अंगठ्याची खूण दिसते. ती दिसली नाही, तर पैसे देण्याआधी सेबीच्या १८०० २२ ७५७५ या मोफत क्रमांकावर विचारा.