बोरीवलीतला ‘बो’

मी वहीत ठसठशीत अक्षरांत लिहिलं, ‘बोरीवली’. तिनं बघताक्षणी वाचलं. मग मी ‘रीवली’ अंगठ्याखाली झाकलं. उरलेला ‘बो’ काही तिला ओळखता येईना.

बोरीवलीतल्या काजूपाड्यात, तिच्या घरच्या खोलीत चटईवर आम्ही दोघी बसलो होतो. मुलगी दुसरीत. स्टेशनवरची पाटी ती कळत नव्हतं तेव्हापासून पाहतेय. ओळखीच्या माणसाचा चेहरा ओळखावा, तसा हा शब्द ती ओळखते. वाचनाच्या वाटचालीतला हा पहिला टप्पा उटा फ्रिथ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८५ मध्ये मांडला.

मग मी ‘मि’ दाखवला. तिचे ओठ हलले, ‘म, मा, मि’, आणि मग मोठ्यानं, “मि!” पुढे ‘मोर’ हा शब्द दिला. पुन्हा ओठ हलू लागले. म, मा, मि, मी, मु, मू, मे, मै, मो. नऊ पायऱ्या चढून ती ‘मो’पाशी पोचली, तोवर पुढे ‘र’ आहे हे विसरून गेली होती. बाराखडी तिला घडाघडा येते. शाळेत त्याबद्दल शाबासकीही मिळते. पण बोटं मोजून बेरीज करावी तसं ती अक्षर शोधते, आणि यात तिचा काहीही दोष नाही.

कारण ओझंच मोठं आहे. चौतीस व्यंजनांची बाराखडी मांडली तरी चारशेच्या वर आकार होतात, जोडाक्षरं वेगळीच. त्यात पहिली वेलांटी आधी दिसते आणि नंतर उच्चारायची. ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या डोक्यावर, पण बोलायचा ‘य’च्या आधी. कन्नड मुलांवर संशोधन करणाऱ्या सोनाली नाग यांना दिसलं की अक्षरं शिकणं चौथीतही सुरूच असतं. आपण मात्र पहिलीतच निकाल मागतो.

मराठीतलं मोलाचं काम इथून फार दूर नाही, पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात झालं. शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या आणि कर्नाटकातल्या यादगीरच्या मुलांचं वाचन-लेखन सलग तीन वर्षं पाहिलं. अहवाल २०१७ चा. आधी सगळी मुळाक्षरं, मग सगळी बाराखडी, असं न करता थोडी अक्षरं आणि थोडे स्वर सोबतच द्यावेत, म्हणजे मूल पहिल्या काही आठवड्यांतच खरे शब्द वाचू लागतं, हा त्यातला विचार मला मनापासून पटतो.

मधेच तिनं ‘पाणी’ला ‘पानी’ वाचलं. मी वहीत बरोबरची खूण केली. घरी सगळे ‘पानी’च म्हणतात, तिनं अक्षरं जोडून अर्थापर्यंत मजल मारली होती. तिथं अडवून ‘ण’ घोटून घेतला असता, तर पुढचा शब्द तिनं भीतभीतच वाचला असता.

शेवटी मी तीन शब्द एकाखाली एक लिहिले: बोरीवली, बोर, बोट. “सगळ्यांत सारखं काय आहे गं?” ती बराच वेळ पाहत राहिली. मी गप्प बसले. हे गप्प बसणं फार अवघड जातं. मग तिनं तिन्ही ‘बो’वर एकेक टिचकी मारली. “बो… र. बोर!” तिसऱ्या शब्दाला ओठ हललेच नाहीत. “बो… ट.” थांबली, आणि कागदावर टेकलेल्या स्वतःच्या बोटाकडे बघत राहिली.