पाटल्या तूर्त मोडू नयेत

आमचा एक माजी विद्यार्थी परवा भेटावयास आला. विवाह जुळावयाचा आहे आणि टाळू विरळ झालेली. कुणी डोक्यात ‘एक्सोसोम’ टोचून घेण्याचे सुचविले. आई त्यासाठी पाटल्या मोडावयास निघाली आहे.

एक्सोसोम म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या, ३० ते १५० नॅनोमीटर आकाराच्या सूक्ष्म पुटिका. १९८३ साली मेंढीच्या अपक्व रक्तपेशींत त्या आढळल्या, तेव्हा तो पेशींचा केरकचराच वाटला होता. पुढे उमगले की त्यांतून प्रथिने व आरएनए यांचे निरोप पेशीकडून पेशीकडे जातात. मूलपेशींच्या पुटिकांनी उंदरांची केसवाढ व जखमांचे भरणे त्वरेने झाल्याचे प्रयोगांत दिसले आहे.

मात्र माणसांवरील मोठ्या, काटेकोर चाचण्या अद्याप अपुऱ्या आहेत. नेब्रास्कातील काही रुग्णांना गंभीर अपाय झाल्यावर, डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा अमान्य उत्पादनांविषयी जाहीर इशारा दिला होता.

आम्ही त्यास सांगितले, प्रथम त्वचारोगतज्ज्ञास भेटावे. मिनॉक्सिडिलसारखे पारखलेले उपाय आहेत. सुईस होकार देण्यापूर्वी औषधाची मान्यता विचारावी. आणि आईच्या पाटल्या तिच्या हातीच राहू द्याव्यात.