यशोधरा, राहुल आणि चित्राची भाषा

अजिंठ्याला आपली माणसे मोठ्या श्रद्धेने जातात. पण लेणी पायांनी बघून होतात, डोळ्यांनी नव्हे. आम्ही म्हणतो, एकाच चित्रापुढे दहा मिनिटे थांबा. १७ क्रमांकाच्या लेण्यात, गाभाऱ्याच्या अलीकडच्या दालनात, हाती भिक्षापात्र घेऊन तथागत यशोधरा-राहुलासमोर उभे आहेत. चित्र पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले.

पहिला शब्द, प्रमाण. तथागत प्रचंड, मायलेकरे अगदी लहान. चित्रकाराला मापे येत नव्हती असे नाही. याच लेण्यातील जातककथांत हत्ती, माणसे बरोबर उतरली आहेत. इथे त्याने उंचीने थोरपण सांगितले. (आपल्या जयंतीचे बॅनर रंगवणाऱ्यालाही ही युक्ती ठाऊक असते!)

रचना म्हणजे कोणाला कुठे उभे करायचे ते. आई लेकराला पुढे करते, दोघे वर बघतात, म्हणून आपलीही नजर वर चढते. बापाकडे वारसा मागायला आलेले ते पोर. बोटांची वळणे बघा, ती रेषेची करामत.

रंग बहुतेक मातीदगडांचे. तांबडा गेरूचा, काळा काजळीचा. निळा मात्र लाजवर्द दगडाचा, दूर अफगाण मुलखातला. त्याखाली भुसा मिसळलेल्या चिखलाचा गिलावा, वर चुन्याचा पातळ हात, तो वाळल्यावर रंग. गवंडीकाम करणाऱ्या बापाने हे पोरांना तिथेच समजावून द्यावे. त्याच्याइतके कोणाला कळणार?

सोबत वही-पेन्सिल न्या. फ्लॅशला तिथे मनाई आहे.